चिपाडाच्या डब्यांचं वाण

संक्रांतीचं वाण कुणी नाकारत नाही, हे हर्षदा पाटणकरांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्या वर्षी याच रिवाजाचा फायदा उठवायचं त्यांनी ठरवलं. एरवी बायकांना सांगून काही उपयोग नसतो. 'तो काळा तवा टाकून द्या' म्हटलं की समोरची हो हो म्हणते आणि संध्याकाळी त्याच तव्यावर डोसे घालते. हळदीकुंकवाला हातात पडलेली वस्तू मात्र घरी न्यावीच लागते, आणि नेली की ओट्यावर ठेवावीही लागते, कारण देणारी बाई उद्या चहाच्या निमित्ताने येऊन बघणार असते. साताऱ्यात गोडोलीतल्या त्यांच्या सोसायटीत आजवर या वाटेने काय काय घरोघर शिरलं होतं! प्लॅस्टिकच्या गाळण्या, प्लॅस्टिकच्या परड्या, प्लॅस्टिकचे झाकणवाले डबे. ज्या वाटेने ही घाण आली, त्याच वाटेने ती बाहेर काढायची, असा हर्षदाबाईंचा बेत होता.

उभी हयात शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली बाई. बेत आखला की तडीला न्यायचाच.

"अगं, निवृत्त झालीस ना?" मुकुंदरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, विचारलं. "आता अख्ख्या सोसायटीची परीक्षा घेणार का?"

"पेपर सोपा काढलाय," हर्षदाबाई म्हणाल्या. "डबे न्यायचे आणि वापरायचे."

हा ध्यास त्यांना उगाच लागला नव्हता. त्यांच्या सुनेला, ऋतुजाला, दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नव्हता. डॉक्टरांच्या तपासण्या सगळ्या नॉर्मल. मुलगा कामानिमित्त महिन्यातले पंधरा दिवस बाहेर, आणि ऋतुजा घरात खिडकीशी बसून लॅपटॉपवर काम करायची. कुणी काही विचारलं तर हसायची. ते हसू हर्षदाबाईंना बघवत नसे. अशात पारखी बाजारात आलं.

पारखी म्हणजे खोडरबराएवढं यंत्र. त्याच्या टोकाला एक पातळ पापुद्रा आणि त्या पापुद्र्याला डोळ्यांना न दिसणारी लाखो भोकं. त्यावर लाळेचा थेंब ठेवला की लाळेतले रेणू एकेक करून त्या भोकांतून जातात, आणि जाताना यंत्रातली बारीकशी वीज जराशी अडखळते. प्रत्येक रेणूची अडखळवण्याची तऱ्हा निराळी. ही तऱ्हा यंत्र आपल्या साठ्यातल्या नमुन्यांशी ताडून बघतं आणि सांगतं, हा अमुक, तो तमुक. एवढ्यावर थांबतं तर ते दवाखान्यातच राहिलं असतं. पण पारखी उगमही सांगायचं. कारखान्यात रसायन बनताना सोबत थोडा केरकचरा बनतोच, आणि प्रत्येक कारखान्याच्या कचऱ्याचं प्रमाण वेगळं असतं. आमटी चाखून मसाला कुणाच्या घरचा हे एखादी बाई ओळखते ना, तसंच हे. त्यामुळे अंगात काय भिनलंय एवढंच नाही, तर ते घरातल्या कुठल्या बाटलीतून आणि कुठल्या डब्यातून भिनलंय हेही पारखी सांगून मोकळं व्हायचं.

ऋतुजाची यादी फोनवर बोटाने वर सरकवता सरकवता संपेना. तव्याचा मुलामा. सोफ्यावर डाग पडू नयेत म्हणून मारलेला फवारा. फरशी पुसायचं सुगंधी पाणी. पडद्यांनी पेट घेऊ नये म्हणून त्यांना चोपडलेलं काहीतरी. आणि चक्क मुकुंदरावांचा रेनकोट.

"माझा रेनकोट हिच्या लाळेत कसा गेला?" मुकुंदराव बिचारे कावरेबावरे झाले.

"तुम्ही तो दारामागे झटकता. त्याची धूळ होते. ती जेवणात येते," हर्षदाबाई म्हणाल्या आणि रेनकोट उचलला.

त्या पावसाळ्यात पाटणकरांच्या घराची जी झाडाझडती झाली तिला तोड नव्हती. सोफा गेला, पडदे गेले, तवे गेले, मुकुंदरावांचं आवडतं अत्तरही गेलं. मुकुंदराव छत्री घेऊन हिंडू लागले. पण दर आठवड्याला ऋतुजाचे आकडे उतरत गेले, दिवाळीपर्यंत निम्म्याच्या खाली आले, आणि पौष लागता लागता तिला पुन्हा दिवस राहिले. या वेळी सगळं ठीक होतं. हर्षदाबाई देवापुढे फारशा न बसणाऱ्या, पण त्या दिवशी बसल्या आणि पोटभर रडल्या.

आपलं घर निस्तरलं, आता शेजाऱ्यांचं. अडचण एकच होती. स्टीलचे डबे वापरा म्हणावं, तर ते नव्या ओव्हनमध्ये चालत नाहीत, आणि गार आमटी कोण खातं? म्हणून सगळ्या पुन्हा प्लॅस्टिककडे वळायच्या. नेमके तेव्हाच चिपाडाचे डबे निघाले. रस काढून उरलेलं उसाचं चिपाड दाबून बनवलेले, आमटीला न भिजणारे, ओव्हनमध्ये चालणारे, आणि जुने झाले की कुस्करून खतात घालता येणारे. वर शिक्का होता, 'पारखी-शून्य'.

हर्षदाबाई शिक्क्यावर विसंबणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी एका डब्यात चिंचेचं सार उकळायला लावलं, दुसऱ्यात तेलाची फोडणी ओतून रात्रभर ठेवली, आणि दोन्हींचे थेंब पारखीवर ठेवले. शून्य. तीनदा केलं, तिन्ही वेळा शून्य. मग त्यांनी सोसायटीतल्या प्रत्येक घरासाठी एकेक संच मागवला, आणि एक संच ऋतुजासाठी वरच्या फळीवर बाजूला काढला.

हळदीकुंकू दणक्यात झालं. हर्षदाबाईंनी विधवांनाही आवर्जून बोलावलं होतं. स्वयंपाकाला येणाऱ्या बायकांना, जिना झाडणाऱ्या बाईला, सगळ्यांना. अशा बायका एरवी येत नाहीत, म्हणून त्यांनी थोडेच संच जास्तीचे धरले होते; पण त्या सगळ्या आल्या, लेकीसुनांना घेऊन आल्या, आणि डबे संपले.

अलका सपकाळ आली ती सगळ्यांत शेवटी. समोरच्या दारातली, पंचवीस वर्षांची मैत्रीण. नवरा गेल्यापासून ती कुणाकडेच हळदीकुंकवाला गेली नव्हती. दारातच थबकली.

"अगं, येऊ का नको येऊ करत व्हते," ती म्हणाली. "कुणाला चाललं न्हाई तर?"

"माझ्या घरात मला चालतं. ये आत."

हर्षदाबाईंनी तिला हळद लावली, कुंकू लावलं, आणि वाणासाठी मागे वळल्या तर टेबल रिकामं. अलका म्हणाली, "राहू दे गं, मला कुंकू लावलंस त्यात आलं सगळं." पण तिचे डोळे भरले होते. हर्षदाबाईंनी स्टूल घेतलं, वरच्या फळीवरचा ऋतुजाचा संच काढला आणि तिच्या पदरात घातला. ऋतुजाला पुन्हा मागवू, असं मनाशी म्हणाल्या. मागणी इतकी वाढली की पुढे कित्येक महिने ते डबे मिळालेच नाहीत, आणि पाटणकरांच्या घरी स्टीलच्या पातेल्यात गॅसवर गरम करणं चालू राहिलं.

"जुईला यातच वाढत जा," त्यांनी अलकाला बजावलं. अलकाची लेक जुई तेव्हा नुकतीच माहेरी आली होती. तिसरा महिना होता आणि डॉक्टरांनी हलायचंच नाही असं सांगितलं होतं. "एकदम शुद्ध आहेत. मी स्वतः तपासलेत."

अलकाने ते शब्द शिरोधार्य मानले. बाकीच्या बायकांपैकी काहींनी त्यांत कधीमधी जेवण गरम केलं, काहींनी कडधान्यं भरली, कुणी शिवणाचं सामान ठेवलं. अलकाने मात्र लेकीचं सकाळ-दुपार-संध्याकाळचं जेवण त्यातच गरम केलं. खीर त्यात, सूप त्यात, डिंकाचे लाडूही त्यातच. वाण म्हणून मिळालं होतं, आणि तेही किती वर्षांनी. जुईला मुलगा झाला, ओजस. नंतर दोन महिन्यांनी ऋतुजाला मुलगी झाली, निहिरा. समोरासमोरच्या दोन दारांत दोन पाळणे. हर्षदाबाईंचं घोडं गंगेत न्हालं.

दोन्ही बाळांची पहिली संक्रांत आली तेव्हा बोरन्हाण एकत्रच करायचं ठरलं. हलव्याचे दागिने घालून ओजसला चादरीवर आणि निहिराला ऋतुजाच्या मांडीवर बसवलं आणि सोसायटीतली पोरं भोवती गोळा झाली. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या हे सगळं डोक्यावरून ओतलं की पोरांनी झडप घालायची, हा त्यातला खेळ. मुकुंदरावांनी हौसेने भिंतीवरची पितळी थाळी काढून आणली आणि बाळांच्या मागे उभं राहून ती दाणकन वाजवली.

निहिराने भोकाड पसरलं. खेळणारी पोरंही दचकली. ओजस समोर घरंगळत आलेलं बोर पकडायचा प्रयत्न करत होता, तो तसाच करत राहिला.

सगळे हसले. "शूर आहे गं बाळ!" कुणीतरी म्हणालं. जुई हसली नाही. तिने मुकुंदरावांच्या हातातून थाळी घेतली, ओजसच्या मागे गुडघ्यांवर बसली आणि पुन्हा वाजवली. मग पुन्हा. ओजसने बोर तोंडात घातलं.

जन्मल्यावर जी तपासणी होते तिच्यात ओजस पास झाला होता. ती तपासणी कानाच्या आतल्या बारीक केसांची असते आणि ते केस चांगले होते. कानाकडून मेंदूकडे जाणारी नस मात्र नीट तयारच झाली नव्हती. कानात यंत्र बसवता येतं, डॉक्टर म्हणाले, पण ते ज्या नसेला जोडायचं ती नस तर हवी. मार्चपर्यंत गोडोलीतली आणखी दोन बाळं तशीच निघाली. त्यांच्याही आया हळदीकुंकवाला आल्या होत्या, पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एप्रिलात पारखीचा नमुन्यांचा साठा वाढवला गेला. फोनवर नेहमीचा संदेश आला आणि हर्षदाबाईंनी सवयीने होकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरातल्यांचे थेंब घेतले. यादीत नवं नाव होतं, लांबलचक, आणि त्यापुढे उगम: दाबीव चिपाडाच्या भांड्यांवरचा लेप. आकडा छोटा होता. पण समोरच्या घरातून अलकाचा आवाज आला; तिनेही आपल्या घरच्यांचे थेंब पारखीवर ठेवले होते. "हर्षदा, हे काय दाखवतंय गं?" तिच्या फोनवर लाल पट्टी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. तिची, जुईची आणि ओजसचीही.

हर्षदाबाई दिवसभर वाचत बसल्या. हळूहळू सगळं उलगडलं, आणि उलगडलं नसतं तर बरं, असं त्यांना वाटलं. पारखीला फक्त साठ्यातले रेणू ओळखता येत. जो रेणू साठ्यात नाही त्याच्यामुळेही वीज अडखळायची, पण लोक उगाच घाबरतील म्हणून बनवणाऱ्यांनी ती अडखळण गोंगाट समजून गाळून टाकायची सोय केली होती. डबे करणाऱ्यांनी जुने, बदनाम लेप सोडून अगदी नवा लेप शोधला होता. त्यात लबाडी नव्हती. नवा होता म्हणूनच तो साठ्यात नव्हता, आणि साठ्यात नव्हता म्हणून शून्य. त्यांनी तीनदा तपासलं ते काय तपासलं? आगीतून काढून बायकांना त्यांनी फुफाट्यात नेऊन बसवलं होतं.

आणि तो लेप करायचा काय? थायरॉइडचं संप्रेरक रक्तातून एका प्रथिनावर बसून प्रवास करतं. हा नवा रेणू एसटीत रुमाल टाकून जागा अडवणाऱ्यासारखा आधीच त्या प्रथिनावर जाऊन बसायचा. खरा उतारू खालीच राहायचा. मोठ्या माणसाचं यात फारसं बिघडत नाही, तो थोडा थकतो, दुसरी गाडी येते. पोटातल्या बाळाची मात्र कानाची नस ठरावीक महिन्यांतच घडते, आणि तेव्हा संप्रेरक पोचलं नाही तर पुढे कितीही औषधं दिली तरी ती घडत नाही.

हे वाचताना हर्षदाबाईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते वरच्या फळीचं. तो संच घरात राहिला असता तर निहिरा... आणि त्यांना हायसं वाटलं. अगदी खोलवरून सुटकेचा श्वास आला. मग त्यांना समोरच्या घरातून ओजसच्या हसण्याचा आवाज ऐकू आला आणि स्वतःची इतकी शिसारी आली की त्या मोरीत जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी ऋतुजाला सांगितलं. ऋतुजा निहिराला भरवत होती.

"बरं झालं दिलात ते," ती पटकन म्हणाली. मग तिने चमचा खाली ठेवला. "आई, मी असं कसं बोलले?"

"मलाही आधी तसंच वाटलं."

त्या दोघींत जे काही होतं ते त्या दिवसापासून बिनसलं. भांडण नाही, अबोला नाही. हर्षदाबाई निहिराला घ्यायला गेल्या की ऋतुजा म्हणायची, "राहू द्या आई, मी बघते." एकदा तिने स्पष्टच सांगितलं, "तुम्ही काही आणलंत, काही केलंत, की मला भीती वाटते. तुमचं चुकलं म्हणून नाही. तुम्ही सगळं बरोबर केलं होतंत, म्हणून."

निहिराच्या अंगातला छोटा आकडाही महिन्या-महिन्याने चढत होता. घरात डबा नसताना कुठून? घरात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा थेंब ठेवला तेव्हा पारखीने तेही सांगितलं. जुने डबे खतात घालायचे, असं हर्षदाबाईंनीच सगळ्यांना शिकवलं होतं. चिपाड कुजलं, लेप कुजला नाही. तो सोसायटीच्या बागेतल्या मेथीत उतरला, तिथून बोअरच्या पाण्यात, आणि लोकांनी टाकलेल्या डब्यांचा ढीग ओढ्याकाठी पडला होता, त्यातून तो पुढे गावभर गेला. ऋतुजाला दुसरं मूल हवं होतं. आता ती तो विषय काढत नसे.

सोसायटीची सभा झाली. लोक चिडले होते आणि चिडलेल्या माणसाला कुणीतरी समोर लागतं.

"सगळ्यांच्या घरात लाल पट्ट्या, आणि पाटणकरांच्याच घरात एवढीशी," सेक्रेटरी म्हणाले. "मॅडम, तुम्ही सायन्सच्या. तुम्ही स्वतः का नाही वापरलेत डबे?"

हर्षदाबाई उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य सरळ अलकाच्या काळजात गेलं असतं. ती तिसऱ्या रांगेत ओजसला मांडीवर घेऊन बसली होती. त्यापेक्षा आपण बदनाम झालेलं परवडलं, असं ठरवून त्यांनी मान खाली घातली.

"बघा, बोलतायत का!" मागून कुणीतरी ओरडलं.

ऋतुजाला ते सहन झालं नाही. ती ताडकन उठली. "आमचा संच होता! माझ्यासाठी ठेवलेला होता. डबे कमी पडले म्हणून आईंनी तो अलकाकाकूंना दिला!"

सगळ्यांच्या माना अलकाकडे वळल्या. तिने ओजसला खांद्यावर घेतलं आणि ती निघून गेली.

त्यानंतर समोरचं दार बंदच असायचं. मुकुंदराव दोनदा जाऊन आले, जुईने दारातूनच परत पाठवलं. सगळ्यांनी उरलेले डबे पोत्यात भरून दिले. ते पुढे कुठे नेऊन टाकले हे कुणी सांगितलं नाही. बाजारात आणखी नवे डबे आले, आणखी नव्या लेपाचे. त्यांच्यावरही शून्याचा शिक्का होता आणि लोक ते घेतही होते.

एका सकाळी दार वाजलं. अलका होती, ओजस कडेवर. ती सरळ स्वयंपाकघरात आली आणि तिथल्या खुर्चीवर बसली. हर्षदाबाईंना पाणी द्यायचं सुचेना.

"मला एकच सांग," अलका म्हणाली. "तुला ठाऊक व्हतं?"

"नाही गं. शप्पथ नाही."

"तेच मी जुईला म्हणत व्हते." अलकाने ओजसच्या कपाळावरचे केस सारखे केले. "ठाऊक असतं तर बरं झालं असतं, हर्षदा. तुला शिव्या तरी घातल्या असत्या. कुणाला तरी ठाऊक व्हतं, एवढं तरी वाटलं असतं. आता कुणालाच ठाऊक न्हाई म्हटल्यावर मी काय करू?"

हर्षदाबाई रडू लागल्या. अलका रडली नाही. तिचं रडून झालं असावं. कामाचं विचारावं तशा आवाजात ती म्हणाली, "हा आता वरणभात खातो. कशात कालवू ते सांग. तू सांगशील त्यात कालवते."

एवढं होऊनही हिचा आपल्यावर विश्वास आहे, हे कळलं तेव्हा हर्षदाबाईंना सभेतल्या ओरड्यापेक्षा जास्त लागलं. त्यांनी डोळे पुसले आणि मनाशी शोधायला लागल्या. स्टीलची वाटी? आता बाजारात येतं त्या स्टीलवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून काहीतरी चढवलेलं असतं, त्याचं नाव अजून साठ्यात नाही. पितळ? कल्हईत काय मिसळतात कोण जाणे. चिनी मातीच्या रंगाची खात्री नाही. केळीचं पान? ते सोसायटीच्या बागेतलं, त्याच खतावर वाढलेलं. त्यांची नजर ओट्यावरून, फळ्यांवरून, खिडकीतून बाहेर जाऊन परत आली. ओजस त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होता, ओठ हलतात का ते बघत.

"हातावर घे," शेवटी त्या म्हणाल्या. "हातावरच कालव आणि बोटाने भरव."

अलकाने मान डोलावली. उठली, बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं, दारापर्यंत गेली. तिथे थांबून तिने आपला मोकळा तळवा वर करून बघितला.

"आणि हात कशानं धुऊ?" तिने विचारलं.